निळ्या छत्रीला नोटीस

४ मार्च

प्रिय मामा,

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनानं भरतोस, म्हणून लिहितेय. चष्मा लाव आणि शांतपणे वाच.

मला चोर म्हटलंय. उघड, सगळ्या जगासमोर. फोनवर कुणीही आमच्या दुकानाचं नाव शोधलं की पत्ता, वेळ आणि त्याखाली लोकांचे शेरे दिसतात. काल सकाळी शटर वर करत होते तेवढ्यात शेजारच्या चावीवाल्यानं त्याचा फोन माझ्या नाकासमोर धरला. एक तारा, आणि खाली हे: "आईचा एकमेव जुना फोटो फ्रेम करायला दिला होता. यांनी मूळ फोटो काढून ठेवला आणि छापलेली नक्कल बसवून दिली. जुने फोटो परस्पर विकतात असं दिसतं. चोर आहेत. सावध राहा." लिहिणाऱ्याचं नाव नाही. नावाच्या जागी निळ्या छत्रीचं चित्र.

मामा, बाबांनी हे दुकान उघडलं तेव्हापासून कुणाचा साधा पासपोर्ट फोटो आमच्याकडून हरवलेला नाही. तुला माहीत आहे, ते फोटोला हात लावायच्या आधी हात धुवायचे. मीही धुते.

आणि वेळ बघ कशी साधली. वाचनालयाच्या जुन्या फोटोंचं काम मला मिळत होतं, भिंतभर फोटो, सगळे मूळ, सगळे नाजूक. बाबा गेल्यापासून मी बहुतेक तयार फ्रेमाच विकतेय. बाबांनी जे शिकवलं ते करायला मिळावं असं हे पहिलंच मोठं काम. दुपारी ग्रंथपालबाईंचा फोन आला, "जरा थांबू या." त्यांनी ते वाचलंय हे आवाजावरून कळलं. आज त्या थांबल्या, उद्या गावात कुणीच आपला जुना फोटो माझ्या हातात देणार नाही. मग दुकान कसलं, नुसतं काच आणि फ्रेमच्या पट्ट्यांचं गोदाम.

मला संशय समोरच्याचा आहे. अगदी माझ्या दारासमोर त्यानंही फ्रेमांचंच दुकान उघडलंय. रोज गोड हसतो.

मी त्या शेऱ्याखाली उत्तर ठोकून दिलंय: "तुमच्यासारखी खोटारडी माणसं आमची गिऱ्हाइकं असूच शकत नाहीत. हिंमत असेल तर नाव सांगा." बरं वाटलं. आता तू कायदा सांग.

तुझी मनी

---

९ मार्च

प्रिय मनी,

ते उत्तर आधी काढ. हे पत्र खाली ठेव, काढून टाक, मग पुढचं वाच.

काढलंस? ऐक. त्या शेऱ्यानं तुझं जेवढं वाईट केलं नसेल तेवढं त्या उत्तरानं केलं असेल. शेरा वाचणारा मनात म्हणतो, असेलही, नसेलही. उत्तर वाचल्यावर म्हणतो, बाई तोंडाळ आहे, म्हणजे असेलच. शिवाय प्रकरण कोर्टात गेलं तर ते वाक्य सगळ्यात आधी वाचलं जाईल, आणि तेही तुझ्या विरुद्ध बाजूकडून.

दुसरं, शेऱ्याचा स्क्रीनशॉट घे. नुसत्या मजकुराचा नको. तारीख, ते छत्रीचं चित्र आणि पानाचा पत्ता हे सगळं एका चित्रात दिसलं पाहिजे. छापून ठेव आणि त्या चावीवाल्याची सही घे की त्यानं हे अमुक दिवशी पाहिलं. लोक चिडून लिहितात, घाबरून पुसतात आणि मग "मी असं कधी म्हटलंच नाही" म्हणतात. माझी निम्मी वकिली अशांवर चालली.

आता कायदा. "फ्रेम वाकडी आहे", "दर जास्त आहेत", "दुकानदारीण खडूस आहे" ही मतं. मतावर कोर्टात जायचं नाही, माणसाला मत असण्याची मुभा आहे, आणि खडूसपणाबद्दल मला साक्षीला बोलावलं तर तुझी पंचाईत होईल. पण "मूळ फोटो काढून ठेवला, चोर आहेत" हे मत नव्हे. असं घडलं, असं ती व्यक्ती सांगते आहे. घडलेलं खरं तरी असतं किंवा खोटं तरी. खोटं असेल आणि त्यानं तुझा धंदा बसत असेल तर ती बदनामी, आणि तिथे कायदा तुझ्या बाजूनं उभा राहतो.

म्हणून आधी त्या संकेतस्थळाकडेच रीतसर तक्रार कर की हा खोटा आरोप आहे, काढा. ते बहुधा ऐकणार नाहीत, पण तक्रार केल्याची नोंद पुढे उपयोगी पडते. मग लिहिणाऱ्याला नोटीस: मजकूर काढा, माफी मागा. बऱ्याच जणांचा आवेश नोटिशीच्या पाकिटावरच ओसरतो. नाहीच ओसरला तर दावा. नुकसानभरपाई मागता येते, मजकूर उतरवण्याचा हुकूम मागता येतो, आणि नाव लपवलं असेल तर ते उघड करा असं संकेतस्थळाला सांगायलाही कोर्टाला सांगता येतं. दावा म्हणजे मात्र तुझी वर्षं जातील, आणि ज्यांनी तो शेरा वाचला नव्हता ते सगळे तेवढ्यात वाचतील. म्हणून ती शेवटची पायरी.

मला एवढंच सांग, त्या शेऱ्यातलं काही खरं आहे का? आणि समोरच्यावर पुराव्याशिवाय आळ घेऊ नकोस. तू नेमकी त्याच गोष्टीबद्दल रडते आहेस.

निवृत्त झाल्यापासून रोपांना पाणी घालतोय, आता रोपंच कंटाळली आहेत. तुझ्यावर संकट आलं याचं वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर सकाळी उठून दाढी केली.

तुझा मामा

---

१५ मार्च

प्रिय मामा,

उत्तर काढलं. स्क्रीनशॉट घेतले. चावीवाल्यानं सही अशी झोकात केली की जणू तोच न्यायाधीश. संकेतस्थळाकडून उत्तर आलं की आम्ही तपासलं, आमच्या नियमांत बसतं, तुमच्या सहकार्याबद्दल आभार. मी सहकार्य कधी केलं कुणास ठाऊक.

समोरच्याचं म्हणशील तर तो काल स्वतःहून आला. म्हणाला, "ताई, मलाही एकानं लिहिलंय की माझ्या काचेतून चेहरा जाड दिसतो. मनावर घेऊ नका." चहा घेऊन गेला. आता मला तो आवडायला लागलाय, त्यामुळे संशय घ्यायला कुणी उरलं नाही.

फोटो कोणता तेही आठवलं. टोपीवाले एक आजोबा आले होते. टोपी काढून काउंटरवर ठेवली, टोपीच्या आत रुमाल, रुमालात फोटो. बाकावर बसलेली तरुण बाई, मांडीवर पुस्तक. किती जपून आणला होता! मीही तितकाच जपला, नेहमी करते तसं सगळं केलं. आजोबा फ्रेम बघून खूश झाले, माझा हात हातात घेऊन गेले. त्यांनी हे लिहिणं शक्य नाही. घरातलं दुसरं कुणीतरी असणार.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: शेऱ्यात एक अक्षर खरं नाही. नोटीस टाक. जरा कडक टाक.

ग्रंथपालबाई रस्त्यात भेटल्या. हवेबद्दल बोलल्या.

तुझी मनी

---

२१ मार्च

प्रिय मनी,

नोटीस लिहिली. काय उतरली आहे! "सदर मजकूर धादांत खोटा, निराधार व हेतुपुरस्सर असून" इथून सुरू होते आणि दीड पानं श्वास घेत नाही. मलाच मोठ्यानं वाचून दाखवली.

पण पाकिटात घालण्याआधी माझी एक सवय आहे. मी उठून समोरच्या खुर्चीत बसतो आणि विरुद्ध बाजूचा वकील होतो. तुझी मामी होती तेव्हा मी तिलाच त्या खुर्चीत बसवायचो. ती मला दहा मिनिटांत घाम फोडायची, कारण ती फार साधे प्रश्न विचारायची. आता दोन्ही खुर्च्या मलाच सांभाळाव्या लागतात.

तर तिथे बसून मला सुचलं ते असं. समज, उद्या निळी छत्री ती फ्रेम काखेत मारून कोर्टात आली आणि न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवली. ते चष्मा वर करून तुला विचारतील, "बाई, या काचेमागे जो दिसतोय तो मूळ फोटो आहे ना?"

उगाच विचारतोय हे मला माहीत आहे. तरी एका शब्दात उत्तर कळव म्हणजे मी पाकीट चिकटवतो.

तुझा मामा

---

२५ मार्च

प्रिय मामा,

नाही.

एका शब्दात मागितलंस म्हणून दिलं. पण मूळ फोटो काचेमागे कोण लावतं? उजेडानं खाऊन टाकेल तो! बाबांची पहिल्यापासून हीच पद्धत. समोर प्रत लावायची, ऊन लागो, रंग उडो, तिचं काय जातं? मूळ फोटो कोऱ्या पाकिटात घालून तिच्या मागे, पुठ्ठ्याच्या आत ठेवायचा आणि पाठ बंद करायची. अंधारात, कोरडा, पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. आजोबांचाही तसाच ठेवलाय. पूर्वी बाबा गिऱ्हाइकाला आधी स्टुडिओत पाठवायचे, "प्रत काढून आणा, मग या." आता माझ्याकडे स्कॅनर आहे, त्यामुळे मीच प्रत काढते, पैसेही घेत नाही. लोकांचा हेलपाटा वाचतो.

तर न्यायाधीशांनी हे विचारलं तर मी हेच सांगेन. यात अडचण काय आहे मला कळलं नाही. नोटीस कधी टाकतोस?

तुझी मनी

---

२९ मार्च

मने, मने, मने!

तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारला, मग हसलो, मग पुन्हा वाचलं आणि पुन्हा कपाळावर हात मारला. "एक अक्षर खरं नाही" म्हणालीस ना मला? तू नक्कल बसवून दिलीस हे खरं आहे. मूळ फोटो काढला हे खरं आहे. फक्त तो त्याच फ्रेममध्ये दोन बोटं मागे आहे हे कुणालाच माहीत नाही! माझी ती दीड पानी नोटीस गेली असती तर विरुद्ध बाजूच्या एखाद्या कालच्या पोरानं माझं हसं केलं असतं. बदनामीच्या दाव्यात सत्य हा सगळ्यात मोठा बचाव. आणि जिथे ती निळी छत्री चुकली, म्हणजे चोरी, तिथेही कुठलाही न्यायाधीश म्हणेल की हिच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

मला सांग, तू आजोबांना सांगितलंस का? नसशीलच. तुझ्या वडिलांनी तरी कुणाला सांगितलं होतं? त्यांना सांगावंच लागायचं नाही. गिऱ्हाईक स्वतः स्टुडिओत जायचं, प्रत हातात घेऊन यायचं, त्यामुळे त्याला दोन फोटो असल्याचं ठाऊक असायचं. तू लोकांचा हेलपाटा वाचवलास आणि त्या हेलपाट्यात जे कळायचं तेही वाचवलंस. तुला लहानपणापासून माहीत, म्हणून तुला वाटलं जगाला माहीत.

नोटीस फाडली. नाही, खोटं कशाला बोलू, घडी करून ठेवली, फारच चांगली उतरली होती.

आता कायदा सांगतो, आणि हा माझ्या सगळ्या कारकिर्दीतला सगळ्यात छोटा सल्ला आहे. शेऱ्याखाली शांतपणे लिही: तुमचा मूळ फोटो त्याच फ्रेमच्या आत, मागच्या बाजूला सुरक्षित आहे. हे आम्ही सांगायला हवं होतं. फ्रेम घेऊन या, तुमच्यासमोर उघडते. कुठेही "खोटं" हा शब्द नको, "तुम्ही" म्हणून टोचायचं नको. आणि त्यांना घरी फ्रेम उघडायला सांगू नकोस, कुणीतरी कात्री खुपसेल.

लिहून झालं की पकड आणि स्क्रू-ड्रायव्हर काढून ठेव.

तुझा मामा

---

६ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून इतकी लाज वाटली की शटर अर्धं खाली केलं. मग लिहिलं, तू सांगितलंस तसंच.

दुसऱ्याच दिवशी निळी छत्री आली. मामा, ती बस चालवते! गणवेशातच आली, काखेत फ्रेम, मागे टोपीवाले आजोबा. माझ्याकडे न बघता फ्रेम काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "उघडा."

मी म्हटलं, "आधी एक विचारू? प्रत आहे हे ओळखलंत कसं? माझी प्रत कुणाला ओळखू येत नाही."

"घडी नाही." तिनं काचेवर, बाकावरच्या बाईच्या खांद्यापाशी बोट ठेवलं. "इथे घडी होती. मीच पाडलेली. लहान असताना फोटो दुमडून खिशात घालून शाळेत नेला होता. आई गेल्यानंतरचा पहिला दिवस होता तो."

मामा, ती घडी मी स्कॅनवर पुसली होती. अख्खी दुपार घालवून, बारीक बारीक करत. पुसून झाल्यावर स्वतःची पाठही थोपटली होती.

मी फ्रेम पालथी घातली. कागद कापला, खिळे काढले, पुठ्ठा उचलला. वाटलं, समजा नसलाच तर? होता. पाकिटातून काढून मी तिच्या हातात दिला. तिनं आधी घडी शोधली. तिच्यावरून बोट फिरवलं, एकदा वर, एकदा खाली. मग तिथेच, गणवेशाच्या बाहीला डोळे पुसत म्हणाली, "मला वाटलं तुम्ही घेतलात."

"घेतला नव्हता," मी म्हटलं. "सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे."

"मीही विचारलं नाही. सरळ चोर लिहिलं." मग वडिलांकडे वळून जरा चढ्या आवाजात, "आणि तुम्ही? तुम्हाला प्रत कळली नाही?"

आजोबा म्हणाले, "मला तर वाटलं, या बाईंनी इस्त्री केली." आम्ही तिघंही हसलो, आणि मग त्यांचंच हसू थांबेना.

नवी प्रत काढली, घडीसकट. मूळ फोटो तिनं स्वतःच्या हातानं पाकिटात घातला, पाठ मी बंद केली. शेरा तिनं पुसला नाही, बदलला: "चोर नाहीत. फोटो जिवापाड जपतात, फक्त सांगत नाहीत. आता सांगतात." चार तारे दिले. पाचवा का नाही विचारलं तर म्हणाली, "महिनाभर झोप उडवलीत ना माझी." मला ते न्यायाचं वाटलं.

ग्रंथपालबाई ते वाचून तासाभरात हजर! अट एकच, प्रत्येक मूळ फोटो त्यांच्यासमोर आत जाईल. मी म्हटलं, बाई, यापुढे सगळ्यांचाच तसा जाणार आहे. सोमवारपासून काम सुरू. मी इतकी खूश आहे की समोरच्याला त्यातल्या पट्ट्या कापायचं काम देऊन टाकलंय.

फक्त एक विचार पाठ सोडत नाही. बाबांनी किती फ्रेमा केल्या असतील! ज्यांनी स्टुडिओत जाऊन प्रती आणल्या ती माणसं गेली. त्यांच्या मुलांना काय माहीत? फोटो उडाला म्हणून फ्रेम कचऱ्यात टाकतील आणि आतला चांगला फोटोही जाईल. म्हणून दारावर मोठ्या अक्षरात लावलंय: आमच्याकडची जुनी फ्रेम टाकण्याआधी एकदा घेऊन या. रोज एकदोघं येतायत.

मामा, तुझी फी काय द्यायची ते सांग.

तुझी मनी

---

११ एप्रिल

प्रिय मनी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी जेवत होतो. दाराचा मजकूर वाचला आणि हातातला घास ताटात ठेवून उठलो.

माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर मामीचा फोटो आहे. फ्रेम तुझ्या वडिलांच्या हातची. मामीच परस्पर करून घेऊन आली होती, मी नेहमीप्रमाणे कोर्टात. शेजारी खिडकी, त्यामुळे इतक्या वर्षांत तो पार फिका पडलाय. डोळे जवळजवळ गेलेत, राहिल्यात भुवया आणि घट्ट मिटलेले ओठ. तो फोटो काढला त्या दिवशी मी स्टुडिओत खूप उशिरा पोचलो होतो. ती ताटकळत बसली होती. त्यामुळे त्या मिटलेल्या ओठांचा अर्थ मी कधी कुणाला विचारला नाही, मला तो ठाऊकच होता. ती गेल्यापासून रोज सकाळी त्या चेहऱ्यासमोर बसतो आणि कधी कधी मोठ्यानं म्हणतो, "अगं, तारीख लांबली होती."

तू म्हणालीस दुकानात घेऊन या. मला धीर निघाला नाही. स्वयंपाकघरातली सुरी घेतली. ओरडू नकोस, अंगठ्यालाच थोडं लागलं.

आत होता. पाकीट पिवळं झालंय, फोटो मात्र कालचा वाटावा असा. मने, ती रागावलेली नाही. ओठ मिटलेत ते हसू दाबायला. गालाला खळी पडली आहे, डोळे भरून आलेत हसण्यानं, आणि ती कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये. कॅमेऱ्याच्या बाजूला बघतेय, जिथे मी उभा होतो. धावत आलो होतो, धापा टाकत होतो, काळा कोट उलटा घातला होता.

इतकी वर्षं मी विटलेल्या पुराव्यावर स्वतःला दोषी धरत होतो. आणि वर लोकांना शिकवत होतो की मूळ दस्तऐवज तपासल्याशिवाय निकाल देऊ नये.

जेवण तसंच राहिलं. संध्याकाळपर्यंत तिच्यासमोर बसलो होतो, एकदाही माफी मागावी लागली नाही.

फी विचारतेस ना? याची एक प्रत काढून दे, भिंतीसाठी. काहीही पुसू नकोस. पोस्टानं पाठवणार नाही, मीच घेऊन येतोय, रविवारी सकाळी. आणि मूळ फोटो मात्र यावेळी मागे घालायचा नाही. तो माझ्या टेबलावर राहील. खिडकीला पडदा मी लावून घेतलाय.

तुझा मामा